हद्दीवरचा धोंडा

“कान काढ! आधी त्ये कान काढ, मग बोल माझ्याशी!”

घरमालक काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून असे कडाडले की पाण्याच्या टाकीवरची कबुतरं उडाली ती थेट चाकणच्या चौकात जाऊन टेकली असणार. गच्चीवर मी एकटाच होतो. अंगावर खिडकीच्या हिरव्या पडद्याचा झगा, कमरेला पॅकिंगच्या फोमची तलवार आणि दोन्ही कानांवर सिलिकॉनचे टोकदार कान. वाळत घातलेल्या चादरींच्या मधून मी मोठ्या दिमाखात येरझाऱ्या घालत होतो.

मी उजवा कान काढला.

“दुसरा काय भाड्यानं दिलाय?”

दुसराही काढला. काकांनी तो हातात घेतला, उलटा केला, आतून हुंगला आणि खिशातून मोजायचा टेप काढून त्याची लांबी घेतली. मग टेप सटकन आत ओढून विचारलं, “काय हायेस तू?”

“एल्फ.”

“म्हंजी कुठलं?”

“जंगलातले लोक असतात, काका. उंच, देखणे, टोकदार कानांचे. धनुष्यबाण चालवतात. हजार हजार वर्षं जगतात.”

काकांचा राग त्या शेवटच्या वाक्याला अडखळला. “हजार वर्षं?”

“हो.”

“मग वाटण्या कवा करत्यात?”

जगात एवढे लोक एल्फ होत असतील, पण हा प्रश्न आजवर एकालाही कुणी विचारला नसेल, हे मी पैजेवर सांगतो. काका मात्र सुटले. “बाप हजार वर्षं जित्ता. पोरगं सातशे वर्षांचं घोडं झालं तरी जमीन बापाच्याच नावावर. सून काय म्हणत असंल? आन् हजार वर्षांत भाऊ किती व्हत्याल? बांध किती पडत्याल? लई भांडणं असणार रं त्यांच्यात.” मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, “चालून दाखव.”

मी चाललो.

“हॅट! ही हजार वर्षंवाल्याची चाल हाय व्हय? ही कंपनीची बस सुटंल म्हणून निघालेल्याची चाल हाय. ज्याला मरायची घाई न्हाई त्याला कशाचीच घाई न्हाई. हो बाजूला.”

आणि पांढरी टोपी सारखी करून काका स्वतः निघाले. गच्चीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते असे चालले, असे चालले, की ते पोचेस्तोवर दोरीवरच्या चादरी वाळल्या. तिकडे पोचल्यावर त्यांनी सावकाश मान वळवली आणि मोशीतल्या सगळ्या टॉवरांकडे असं पाहिलं की जणू हे सगळे परवा आलेत आणि उद्या जाणार आहेत. पायात रबरी चपला आणि हातात टाकी बडवायची काठी असलेला एवढा अस्सल एल्फ मी पाहिलेला नाही.

आता हा काय प्रकार, ते सांगतो. लार्प नावाचा एक खेळ आहे. नाटकच, पण प्रेक्षक नाहीत आणि संवाद पाठ केलेले नाहीत. मैदानावर जमायचं, प्रत्येकानं एखादा काल्पनिक वंश निवडायचा, कुणी एल्फ, कुणी बुटका दाढीवाला ड्वार्फ, कुणी सुळेवाला ऑर्क, आणि दिवसभर तेच होऊन राहायचं. तसंच बोलायचं, तसंच भांडायचं. शेवटचा भोंगा वाजेपर्यंत माणसात यायचं नाही. आमचा गट पंधरावीस जणांचा. चालवायची श्रद्धा, ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारी. आवाज बारीक, पण नियमाला अशी पक्की की तिच्यापुढे ऑर्कसुद्धा ओळीत उभे राहायचे. मी चाकणच्या कंपनीत गाड्यांचे हेडलाइट तपासायचो. माझा खोलीतला जोडीदार बालाजी प्रेस शॉपला. आम्ही दोघं मोशीत ज्यांच्या इमारतीत राहायचो ते हे काका. जुने गाववाले. एके काळी इथे त्यांचा कांदा व्हायचा, आता भाडेकरू होतात.

काका भाडेकरूंना नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी बार्शी. बालाजी गंगाखेड. आमच्या वर मालवण, खाली औसा, आणि तळमजल्यावर एक सज्जन बँकवाले होते त्यांना नुसतं ‘संत तुकाराम नगर’. एवढं लांबलचक नाव काका जिन्यातून एका दमात ओरडायचे आणि ते सज्जन हातातला घास टाकून बाहेर यायचे.

आणि तो टेप. झोपतानाही तो उशाशी असायचा, असं काकूच सांगायच्या. काका दाराची फट मोजत, दोन मोटरसायकलींमधलं अंतर मोजत, एकदा काकूंनी थापलेली भाकरी मोजली आणि त्या दिवशी उपाशी राहिले. “एक फूट म्हंजी एक फूट,” हे त्यांचं आवडतं वाक्य. ते कुठल्याही विषयावर चालायचं. हवामानावर, निवडणुकीवर, बालाजीच्या लग्नावर.

त्या एका फुटाची गोष्ट अशी. इंद्रायणीच्या अंगाला काकांचा एक मोकळा तुकडा होता आणि त्याला लागून त्यांच्या धाकट्या भावाचा. वाटणीच्या वेळी मधे एक दगड रोवला होता. पुढे शेजारून रस्ता झाला, जेसीबी फिरले, धूळ बसल्यावर बघतात तर दगड फूटभर सरकलेला. थोरले म्हणाले, धाकट्यानं सरकवला. धाकटे म्हणाले, थोरल्यानं सरकवला. बोलणं बंद झालं ते कायमचं. भांडण मात्र चालू होतं. समोरासमोर दोघांच्या इमारती. काका गच्चीवर जाऊन आभाळाला सांगायचे, “काही लोकांना दुसऱ्याची जमीन गोड लागती!” आणि रस्त्यापलीकडच्या गच्चीवरून उत्तर यायचं, तेही आभाळालाच, “चोराच्या उलट्या बोंबा ऐका!” काकांनी चौथा मजला चढवला की भावानं पाचवा चढवायचा. महापालिकेनं थांबवलं म्हणून, नाहीतर आज दोघांना खाली उतरायला विमान लागलं असतं.

या भांडणाचा फायदा झाला तो आम्हाला. बाकी मोशीत वीतभर जागा शिल्लक नाही, पण या तुकड्यांवर कुंपण घालायचं म्हटलं की फूट आडवा यायचा, विकायचं म्हटलं की फूट आडवा यायचा. त्यामुळे तिथे बाभळी, घाणेरी आणि कमरेएवढं गवत. एल्फांना जंगल हवं, ऑर्कांना उजाड माळ हवा, दोन्ही तयार. आमचं अख्खं साम्राज्य त्या एका फुटावर उभं होतं.

काकू एकदा जिन्यात गवार मोडत बसल्या होत्या, तेव्हा मला म्हणाल्या, “तुला सांगते बार्शी, भावजी आले व्हते एकदा. आपनहून. वास्तुशांतीला. दारापातुर आले, वाकून चपला काढाय लागले. आन् ह्यांनी गॅलरीतनं काय म्हनावं? ‘चपला हद्दीत काढ.’ झालं. तसंच माघारी फिरले, चपला हातात घिऊन.” गवारीची शेंग त्यांनी अशी मोडली की जशी काही काकांचीच मान. “आतून तडफडत्यात. भावजी दिसले न्हाईत एक दिस तर धा वेळा गच्चीवर जात्यात. पन तोंड म्हंजी असं, की त्याला दार न्हाई.”

तर कान जप्त झाले त्याच दिवशी संध्याकाळी काका आमच्या खोलीत आले. कान परत केले. मग पंख्याकडे बघत म्हणाले, “मला बी घेता का?”

बालाजीनं चहाचा कप बाजूला ठेवला. “काका, तुम्ही? कामून?”

“कामून म्हंजी? जागा माझी हाय.”

श्रद्धाला फोन लावला. ती म्हणाली, “या की. पण अट आहे. वंश स्वतः निवडायचा. तो कसा चालतो, कशाला घाबरतो आणि कुठली गोष्ट कधीच करत नाही, एवढं सांगता आलं पाहिजे. आणि निवडला की भोंग्यापर्यंत निभवायचा. तुम्ही मोडलात तर तुमची बाजू हरली.”

त्यानंतरचा महिना मोशीच्या इतिहासात सोन्यानं लिहून ठेवावा असा गेला. काका एकेक वंश अंगावर घालून बघत होते, लग्नाच्या बस्त्यात शेरवानी घालून बघतात तसे.

पहिले आठ दिवस एल्फ. टोकदार कान लावून गावभर हिंडले, पण वरून टोपी. कान टोपीत गडप. दुधाच्या डेअरीत, सोसायटीच्या मीटिंगला, एका तेराव्यालासुद्धा काका एल्फ म्हणून बसून आले आणि कुणाला कळलं नाही. कंटाळून त्यांनी सोडलं. मग ड्वार्फ. मी माहिती दिली की हे लोक डोंगर पोखरून आत राहतात. काका म्हणाले, “आमच्याकडं त्यांना क्रशरवाले म्हणत्यात. आन् त्ये डोंगरात न्हाईत ऱ्हात, बंगल्यात ऱ्हात्यात.” तरी दाढी वाढवून पाहिली. ती एका बाजूनंच वाढली.

मग ऑर्क. हा वंश चिडका, आरडाओरडा करणारा, ताटावर मूठ आपटून जेवणारा. काका खूश. आठवडाभर ते घरात ऑर्क होते. आठवड्याच्या शेवटी मोठ्या उत्साहानं त्यांनी काकूंना विचारलं, “कसं वाटलं?”

काकू म्हणाल्या, “काय कसं वाटलं? कवा सुरू करनार हाय?”

काका दोन दिवस खोलीबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी मला गाठलं. आवाज इतका खाली की मला वाटलं आजारी आहेत. “बार्शी, मला एक कळलं. जो वंश घेतल्यावर घरात कुणाला फरक पडत न्हाई, त्यो आपलाच असतो. त्यो घिऊन काय खेळायचं?”

हे वाक्य मी नंतर श्रद्धाला सांगितलं. तेव्हापासून नवीन खेळाडू आला की ती त्याला पहिल्यांदा हेच ऐकवते. बालाजीला तर त्याच वाक्यानं वाचवलं. तो सहा फुटी, दंडावर बटाटे, त्यामुळे सगळ्यांनी त्याला ऑर्क केलेलं. आणि तो प्रत्येक वार केल्यावर विचारायचा, “लागलं का बा?” काकांनी त्याला बघून निकाल दिला, “गंगाखेड, तू ओरडू नको. तू असा ऑर्क हो, ज्याला मारायचं लई वाईट वाटतं पण घरच्यांनी पाठवलाय.” पुढच्या खेळात बालाजी डोळ्यांत पाणी आणून “माफ कर, आईनं सांगितलंय” म्हणत चालून आला आणि आमचे चार एल्फ भीतीनं इंद्रायणीच्या दिशेनं पळाले, ते आळंदीलाच थांबले.

स्वतःचा वंश मात्र काकांना सापडत नव्हता. आणि मग एका सकाळी जिन्यातून आरोळी आली, “बार्शी! गंगाखेड! गावला!”

श्रद्धा मुद्दाम ताथवड्याहून आली. काकू चहा घेऊन दारात उभ्या. काका खुर्चीवर ताठ बसले.

“वंश कोणता?” श्रद्धानं विचारलं.

“धोंडा.”

“म्हणजे पाषाणवंशी?”

“पाषाण गाव तिकडं पुण्याकडं राह्यलं. आमी धोंडे.”

“बरं. कसे चालतात?”

“चालत न्हाईत.”

“घाबरतात कशाला?”

“जेसीबीला.”

“आणि कधीच काय करत नाहीत?”

काकांनी काकूंकडे पाहिलं. मग जमिनीकडे. “बोलत न्हाईत.”

काकूंच्या हातातले कप वाजले. त्या इतक्या हसल्या की चहा निवला. मग डोळे पुसत म्हणाल्या, “ह्ये? दूध उतू जायला जेवढा येळ लागतो तेवढं तरी गप बसतील का? ऐका, माझा बी शबूद. तुमचा भोंगा वाजंस्तवर तुमी तोंड उघडलं न्हाई, तर मी सोता जाऊन भावजींना जेवायला बोलावते. आन् उघडलं, तर ह्या जन्मात पुन्हा त्यो विषय काढायचा न्हाई.”

काका म्हणाले, “ठरलं.” हे एवढंच. नेहमी एका होकाराला अर्धा तास घेणारा माणूस.

श्रद्धानं खेळ बसवला. नदीच्या बाजूला एल्फ, बाभळींच्या बाजूला ऑर्क आणि बरोबर हद्दीवर धोंडा. भोंगा वाजेपर्यंत धोंडा हलला नाही, बोलला नाही, तर राज्य एल्फांचं. हलला किंवा बोलला, तर ऑर्कांचं. त्याला हात लावायचा नाही. त्याला बोलतं करायला मात्र काय वाट्टेल ते करायचं.

आता वेश. आम्ही सांगितलं, फोमवर राखाडी रंग मारू. काकांना ते पसंत पडेना. ज्या माणसानं चार मजले उभे केले, तो फोमचा धोंडा होईल? त्यांनी गोणपाटं शिवून घेतली, सिमेंटच्या पाण्यात बुडवली आणि एका पिंपावर घालून वाळवली. अंगरख्यासारखं एक कवच तयार झालं. सकाळी आतून जुना स्वेटर घालून काका हद्दीवर उभे राहिले आणि आम्ही चौघांनी ते वरून त्यांच्यावर उतरवलं. पण काकांना सांधे दिसत होते. “फट ऱ्हायली,” म्हणाले आणि ओल्या सिमेंटनं सगळ्या फटी लिंपून घेतल्या, थोडं सिमेंट पावलांभोवतीही ओघळलं. खेळ सुरू व्हायच्या आत ऊन लागलं आणि कवच आवळलं. आता हलायचं म्हटलं तरी हलता येणार नव्हतं. उघडे फक्त चेहरा आणि पावलं. चेहऱ्याला राख फासलेली.

हे कवच चढायच्या आधी जागा ठरवायची होती. टेपचं एक टोक मला बाभळीच्या बुंध्याला धरायला लावलं, दुसरं स्वतः धरलं. मोजलं. पुन्हा मोजलं. टेप माझ्याकडे देऊन लांबून दिसणाऱ्या भावाच्या पाच मजली इमारतीकडे जरा वेळ बघत राहिले. मी कान लावायला पाठ फिरवली. वळून बघतो तर उभं राहण्याची जागा बदलल्यासारखी वाटली.

“काका, सरकलात का?”

“धोंडा सरकत न्हाई,” काका म्हणाले. त्यानंतर ‘फट ऱ्हायली’ एवढं सोडलं तर खेळ संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. कवच आवळलं तसा श्रद्धानं सुरुवातीचा भोंगा वाजवला.

काय सांगू त्या दिवसाचं! ऑर्कांनी धोंड्याभोवती फेर धरून असा गोंधळ घातला की मेलेला उठून बसावा. धोंडा गप्प. त्यांनी त्याच्यासमोर मुद्दाम चुकीची मापं सांगितली. “पाच फूट म्हणजे पन्नास इंच!” धोंड्याची कानशिलं लाल झाली, पण गप्प. दुपारी एक बगळा येऊन त्याच्या डोक्यावर बसला. बालाजी म्हणतो कावळा होता. कावळा तर कावळा, पण बसला आणि धोंड्याची पापणी हलली नाही. गावातल्या एक आजी पलीकडच्या पायवाटेनं चालल्या होत्या. त्या थबकल्या, चपला काढल्या, हात जोडले, आणि “ह्यो कवा बसवला?” असं पुटपुटत निघून गेल्या. आम्ही एल्फ लढत होतो, पण नजर सगळ्यांची धोंड्यावर. काकू बाभळीखाली भाकरीची पाटी घेऊन बसल्या होत्या. सकाळी त्या हसत होत्या. दुपारनंतर हसायच्या थांबल्या.

आणि मग रस्त्याकडून आवाज आला.

“कोण हाय रं तिकडं? माझ्या जमिनीत तलवारी कुणी काढल्या?”

धाकटे. कुणीतरी जाऊन सांगितलं होतं की नदीकडे हत्यारबंद टोळी आलीय. हातात काठी, खांद्यावर उपरणं, धोतर खोचलेलं. आम्हाला एल्फ-ऑर्कांना त्यांनी हिशेबात धरलंच नाही. गवत तुडवत ते सरळ हद्दीपाशी आले आणि राखाडी ढिगातून बाहेर आलेला सख्ख्या भावाचा चेहरा दिसल्यावर थिजले. क्षणभरच. मग जे सुटले!

“हां! आता सोताच दगड होऊन बसला! दगड सरकवून भागलं न्हाई व्हय तुझं? बैल इकला तवा मला इचारलं? आंब्याचं झाड तोडलं तवा इचारलं? वास्तूला आलो तर चपला मोजतोस?”

ऑर्क थांबले. एल्फ थांबले. खेळ चालू होता, पण कुणी हालेना. काकूंनी पदर तोंडात धरला. मी धोंड्याकडे बघत होतो. मानेची शीर अशी फुगलेली की सिमेंटला तडा जातो की काय. प्रत्येक आरोपाला काकांकडे तयार उत्तर होतं, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं, रोज गच्चीवरून ऐकत होतो. ओठ थरथरले. पण उघडले नाहीत.

धाकट्यांना सवय होती की आपण एक टाकलं की समोरून दोन येतात. येईना. त्यांनी आवाज चढवला. तरी येईना. मग आवाज आपोआप उतरला, चढावर पेट्रोल संपलेल्या गाडीसारखा. ते दोन पावलं पुढे आले. काठी खाली टाकली. भावाच्या तोंडाशी तोंड नेऊन बघितलं.

“दादा?”

धोंडा गप्प.

“दादा, बोल की. शिवी तरी दे.” आणि एकदम मागे वळून किंचाळले, “वैनी! अवो वैनी, दादा बोलंना! वारं गेलं का काय अंगावरनं? कुणी केलं ह्याला असं?”

इतक्या वर्षांत त्यांनी काकूंना मारलेली ती पहिली हाक. काकू धावत आल्या. “न्हाई वो भावजी, धड हाय. खेळ हाय ह्यो. भोंगा वाजंस्तवर बोलायचं न्हाई.”

“दादा? आन् बोलायचं न्हाई?”

“व्हय. गप ऱ्हायले तर तुमाला जेवायला बोलवायचं ठरलंय.”

भावाच्या कपाळावरून राखेचे ओघळ डोळ्यांत जात होते आणि ते पुसायला हात आत अडकलेले. धाकट्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, कपाळ टिपलं. ऑर्कांतल्या कुणीतरी “हात लावायचा नाही!” म्हणून सुरुवात केली, त्याला बालाजीनं उचलून बाजूला ठेवलं. मग धाकट्यांनी ते उपरणं दोन हातांत ताणलं आणि भावाच्या डोक्यावर सावली धरून उभे राहिले. सत्तरी जवळ आलेला माणूस, हात वर करून, शाळेत शिक्षा केल्यासारखा.

“लई येळ हाय का अजून?” त्यांनी श्रद्धाला विचारलं.

“थोडाच,” श्रद्धा म्हणाली. आमची नियमाची पक्की श्रद्धा, तिचा हात भोंग्याकडे जात होता आणि ती तो परत ओढत होती.

तेवढ्यात धाकटे अगदी हळू म्हणाले, “दादा, खरं सांग. त्यो दगड तू सरकवला व्हतास?”

बालाजीनं माझा दंड असा दाबला की निळा डाग कित्येक दिवस राहिला. कारण हा प्रश्न आजवर आभाळाला विचारला गेला होता. तोंडावर पहिल्यांदाच. काकांच्या डोळ्यातून एक थेंब सुटला आणि राखेतून वाट काढत हनुवटीपर्यंत गेला. मी म्हणतो घाम. काकू अजूनही काही म्हणत नाहीत.

भोंगा वाजला.

कुणीही ओरडलं नाही. राज्य आम्ही जिंकलं होतं, पण एकही एल्फ नाचला नाही. आता बोलायला मुभा होती. काकांनी तोंड उघडलं. काकूंनी डोळे गच्च मिटले. काकांनी भावाकडे पाहिलं, तोंड मिटलं, पुन्हा उघडलं.

“भूक लागली,” काका म्हणाले.

मग मात्र जो जल्लोष झाला तो पार चाकणच्या सेकंड शिफ्टला ऐकू गेला असणार! ऑर्कांनी एल्फांना उचललं, एल्फांनी तलवारी हवेत फेकल्या, माझा एक कान त्या गर्दीत गेला तो आजतागायत सापडलेला नाही. काकांना कवचातून काढायला काही सुचेना, तेव्हा धाकट्यांनीच काठीनं ठोकून सिमेंट फोडलं. “हळू, आत बरगडी हाय,” काका म्हणत होते आणि धाकटे म्हणत होते, “ठावं हाय मला कुठं काय हाय.” काकूंनी पाटी दोघांच्या मधे ठेवली. बाजरीची भाकरी, पिठलं, खर्डा. जायची गरजच पडली नाही, आमंत्रण जागेवरच झालं. दोघं भाऊ समोरासमोर मांडी घालून बसले, काका काही बोलणार असं दिसलं की काकू भाकरी वाढायच्या.

मी आनंदानं नुसता उकळत होतो. एका कानाचा एल्फ, पण छाती फुगलेली. धाकट्यांपाशी जाऊन उकिडवा बसलो आणि म्हणालो, “काका, असा वंश आख्ख्या पिंपरी-चिंचवडात कुणी वठवला नसेल! तुम्ही समोर उभे होतात. खरं सांगा, हुबेहूब धोंडा होता की नाही?”

धाकट्यांनी खर्डा लावलेला घास चावून संपवला. मग मातीत उमटलेल्या सिमेंटच्या दोन पावलांकडे पाहिलं.

“हुबेहूब,” ते म्हणाले. “फूटभर माझ्या हद्दीत.”